लोह नसले की जस्त उजळते

हिवाळ्यात नंदुरबारला बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी ठसका लागतो आणि मग मिरची दिसते. शहरालगतच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे पट्टेच्या पट्टे वाळत पडलेले असतात. त्यात बसून निवड करणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बायका डोक्यावरून आणि नाकातोंडावरून फडके बांधून दिवसभर उन्हात असतात. यांतल्या कुणाचीही खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग पाहिला, तर बरेचदा तो लाल नसून फिकट गुलाबी, कधी कधी पांढुरका दिसतो. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने सांगितले. ती फिकट पापणी म्हणजे हीच आकडेवारी.

यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लोह कमी पडलेल्या स्त्रीच्या तांबड्या पेशींमध्ये एक रंगद्रव्य वाढलेले असते. ज्या कुळातले ते आहे, त्या कुळातली काही द्रव्ये रक्तात असताना माणूस उन्हात गेला, तर कातडी भाजून निघते. तरीही पथारीवर बसलेल्या बाईची कातडी भाजत नाही. असे का, याचे उत्तर शोधताना वैद्यकाला रसायनशास्त्राच्या आणि चुंबकत्वाच्या दारात जावे लागले. त्या वाटेवर सापडलेली एक तपासणी नंदुरबारसारख्या जिल्ह्यात फार मोलाची ठरू शकते, कारण इथे ॲनिमियाचा प्रश्न दुहेरी आहे.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकल सेलचे जनुक बऱ्याच घरांत आहे. त्याच घरांत पोटभर, चौरस अन्नाचीही वानवा असते. उपकेंद्रात आलेल्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आठ भरले, तर ते लोहाच्या कमतरतेने आठ असेल, सिकल सेलने असेल किंवा दोन्हींनी मिळून. आठ हा आकडा यांतले काहीच सांगत नाही. उपचार मात्र वेगळे आहेत. लोह कमी असेल तर लाल गोळी हवी. सिकल सेलच्या रुग्णाला फॉलिक ॲसिड लागते, पण ज्याला वारंवार रक्त चढवलेले आहे त्याच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. त्याला डोळे मिटून लोह देत राहिले, तर ते यकृतात आणि हृदयात जाऊन बसते. उलट ‘सिकल सेल आहे ना, मग लोह नकोच’ असे सरसकट ठरवले, तर खरोखर लोह कमी असलेल्या पोरीबाळी तशाच राहतात. यात आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. सिकल सेलचा नुसता वाहक असणे हे ॲनिमियाचे कारण नव्हे. वाहक स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी असेल तर दुसरे कारण शोधायलाच हवे, आणि लोह कमी असेल तर तिला लोहाची गोळी बिनधास्त द्यावी.

जात्याच्या मधला खुंटा

रक्ताचा लाल रंग आणि मिरचीच्या पानाचा हिरवा रंग हे एकाच घराण्यातले आहेत. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचे एक मोठे, सपाट कडे असते. चार लहान कडी हातात हात घालून उभी राहिली की मध्ये जी जागा उरते तशी जागा या मोठ्या कड्यात असते. रसायनशास्त्रात या कड्याला पॉर्फिरिन म्हणतात. जात्याच्या मधोमध खुंटा असावा तसा तिथे एक धातूचा अणू बसतो. पानात मॅग्नेशियम बसला की हरितद्रव्य होते. रक्तात लोह बसले की हीम होते, आणि हीम प्रथिनाच्या घडीत जाऊन बसले की हिमोग्लोबिन.

आपल्या शरीरात हे कडे मुख्यतः अस्थिमज्जेत आणि यकृतात तयार होते. अगदी शेवटच्या पायरीला एक विकर त्यात लोह बसवते. लोहाचा पुरवठा कमी असला तरी हे विकर हात बांधून बसत नाही, ते समोर असलेला जस्ताचा अणू उचलून बसवते. अशा वेळी हीमऐवजी झिंक प्रोटोपॉर्फिरिन, म्हणजे जस्ताचे कडे, तयार होते. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. तरी पेशीतून ते बाहेर फेकले जात नाही, पेशीच्या साधारण १२० दिवसांच्या आयुष्यभर तिथेच राहते. निरोगी माणसातही ते थोडे असतेच. दर दहा लाख हीम रेणूंमागे ते सत्तर-ऐंशीच्या पुढे गेले, की गेल्या दोन-तीन महिन्यांत मज्जेला लोह पुरले नाही असे समजावे. शिसे अंगात गेले तरी हे प्रमाण वाढते, कारण शिसे लोह बसवण्याच्या कामातच अडथळा आणते.

दहा लाखांत सत्तर मोजणे ऐकायला कठीण वाटते. पण जस्ताच्या कड्याची एक खोड आहे. त्याच्यावर निळसर जांभळा प्रकाश टाकला की ते नारिंगी लाल उजेड देते. लोहाचे कडे याच प्रकाशात काळेठिक्कर राहते. लाखो काळ्या दाण्यांत सत्तर काजवे बसले असतील, तर मोजायला काजवे सोपेच.

लोहाचे कडे का उजळत नाही?

प्रकाश कड्यावर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो. ही स्थिती टिकणारी नसते, त्याला खाली यावेच लागते. खाली कसे यायचे, हे मधला धातू ठरवतो. लोहाच्या अणूत इलेक्ट्रॉनच्या काही जागा अर्धवट भरलेल्या असतात. या जागा म्हणजे बारवेच्या पायऱ्या. उडी मारलेला इलेक्ट्रॉन एकेक पायरी उतरून क्षणाच्याही अब्जांश भागापेक्षा कमी वेळात तळाशी पोचतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन विरते. जस्तात त्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. पायऱ्याच नाहीत, सरळ कड्याची विहीर. तिथे इलेक्ट्रॉन वर अडकून पडतो. काही वेळा तो उजेड टाकून खाली येतो, तोच नारिंगी प्रकाश. काही वेळा मात्र तो वरच्या वर एक वेगळी स्थिती धारण करतो आणि त्या मानाने फार दीर्घ काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, तिथे थांबतो.

ही थांबलेली स्थितीच सगळ्या भानगडीचे मूळ आहे. तिला ट्रिपलेट म्हणतात. ती समजून घ्यायची तर इलेक्ट्रॉन ही फिरती भिंगरी मानावी. फिरता विद्युतभार म्हणजे बारीकसा चुंबक. साधारणतः इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, एक उजवीकडे फिरतो तर दुसरा डावीकडे, आणि दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते. ट्रिपलेटमध्ये जोडी फुटते आणि दोघे एकाच दिशेने फिरू लागतात. चुंबकत्व उघडे पडते. पुढे असे की हवेतला प्राणवायू जन्मतःच ट्रिपलेट आहे. द्रवरूप प्राणवायू चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ओतला तर तो तिथेच चिकटून लोंबकळतो, हा प्रयोग विज्ञानाच्या वर्गांत दाखवतात. दोन ट्रिपलेट भेटले की कड्यातली ऊर्जा प्राणवायूकडे जाते आणि प्राणवायू पिसाळतो. हा पिसाळलेला प्राणवायू, ज्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात, पेशींची आवरणे जाळतो.

फ्रीडरिश मायर-बेट्झ या डॉक्टरने हे स्वतःवर करून पाहिले. १९१२ च्या ऑक्टोबरात त्याने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन, म्हणजे मधला धातू काढून टाकलेले रक्ताचे कडे, शिरेतून टोचून घेतले. नंतर तो उन्हात गेला तेव्हा चेहरा आणि हात असे सुजले की ओळखू येईना. हा त्रास दोन महिन्यांहून अधिक काळ टिकला. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने त्याला परवानगी दिली नसती, आणि तेच बरे. पण कर्करोगाच्या गाठीत असे रंगद्रव्य साठवून वर लाल प्रकाश टाकायचा आणि गाठ जाळायची, ही उपचारपद्धती पुढे याच मुळातून वाढली. पॉर्फिरिनच्या एका औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मंजुरी मिळाली. पॅलेडियम धातू मध्ये बसवलेल्या कड्याचे औषध प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी २०१७ मध्ये युरोपात मंजूर झाले.

चुंबकाने पाहायची युक्ती

ट्रिपलेट आहे हे कळायचे कसे? डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्यातले उघडे पडलेले चुंबकत्व मात्र पकडता येते. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, रशियातल्या कझान शहरात येवगेनी झावोइस्की यांनी त्याची पद्धत शोधली, तिला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स किंवा ईएसआर म्हणतात. नमुना बारीक नळीत भरून जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवतात. तिथले क्षेत्र साधारण ३४०० गाऊसचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सात-आठ हजार पट. त्या क्षेत्रात एकटा इलेक्ट्रॉन दोनच दिशांना उभा राहू शकतो, क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध. आता नमुन्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या, सेकंदाला सुमारे साडेनऊ अब्ज कंपने असलेल्या. चुंबकाचे क्षेत्र हळूहळू वाढवत नेले की एका नेमक्या जागी इलेक्ट्रॉन लहरीतली ऊर्जा गिळतो आणि दिशा बदलतो. कागदावर रेघ उमटते. जोडीने राहणारे इलेक्ट्रॉन या यंत्राला दिसतच नाहीत. ईएसआरला फक्त एकटे पडलेले इलेक्ट्रॉन कळतात, आणि हाच या यंत्राचा गुण आहे.

रक्ताच्या बाबतीत चुंबकत्वाने बोलायला सुरुवात आधीच केली होती. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले की प्राणवायू सोडलेल्या रक्ताला चुंबक ओढतो. प्राणवायू धरलेल्या रक्ताला मात्र ओढत नाही. याच पॉलिंग यांनी १९४९ मध्ये सिकल सेल हा रेणूचा आजार आहे, असे जाहीर केले.

मग १९५६ साल उजाडले. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच खंडात इंग्रम आडनावाच्या दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांचे हिमोग्लोबिनवरचे दोन निबंध छापून आले, आणि आजही विद्यार्थी त्यांची गल्लत करतात. केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रम यांनी दाखवले की सिकल सेलच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक आहे तो एका लहानशा तुकड्यात. पुढच्या वर्षी त्यांनी तो एकाच अमिनो आम्लावर आणून ठेवला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. डेव्हिड इंग्रम यांनी जॉन गिब्सन आणि मॅक्स पेरूट्झ यांच्याबरोबर हिमोग्लोबिनचा स्फटिक ईएसआरच्या चुंबकात वेगवेगळ्या कोनांत फिरवला. लोहाची रेघ कुठल्या कोनात कुठे सरकते यावरून हिमोग्लोबिनमधली चार कडी कशी तिरपी बसली आहेत, हे सांगितले. तेव्हा क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनचा पूर्ण आराखडा अजून निघायचा होता. पेरूट्झ यांचे ते काम पुढे नोबेलपर्यंत गेले. आजाराचे मूळ एका इंग्रमांनी आणि रेणूची बैठक दुसऱ्या इंग्रमांनी शोधली, तीही एकाच वर्षी. योगायोग म्हणून तो चांगलाच आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत बॅरी कॉमनर आणि सहकाऱ्यांनी हरितकणांची नळी ईएसआरमध्ये ठेवून तिच्यावर दिवा लावला. रेघ उमटली. दिवा मालवला, रेघ गेली. प्रकाशाने हरितद्रव्याचा इलेक्ट्रॉन निसटला होता आणि एकटा राहिलेला दिसू लागला होता. १९७१ मध्ये आर्गॉन प्रयोगशाळेतल्या जेम्स नॉरिस आणि जोसेफ कॅट्झ यांच्या गटाने त्या रेघेची रुंदी बारकाईने मोजली. ती सुट्या हरितद्रव्याच्या रेघेपेक्षा साधारण ०.७ पट भरली. यावरून त्यांनी अनुमान काढले की इलेक्ट्रॉनची उणीव एका रेणूवर नसून दोन हरितद्रव्यांच्या जोडीवर वाटली गेली आहे. रेघेच्या रुंदीवरून रेणूंची जोडी ओळखणे हे नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओसरीत किती माणसे आली ते सांगण्यासारखे आहे. मिरचीच्या प्रत्येक हिरव्या पानात सकाळी ऊन पडले की हेच चालू होते.

जस्ताच्या कड्याची गोष्ट

ट्रिपलेट पकडायची तर आणखी एक अडचण असते, ती लगेच विझते. म्हणून नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवतात किंवा त्याहूनही थंड हेलियममध्ये ठेवतात. किंवा लेसरचा एक अब्जांश सेकंदाचा झोत मारून पुढचे काही लाखांश सेकंद रेघ कशी उगवते आणि मावळते याचे जणू चलच्चित्र घेतात. यातून दिसणाऱ्या खुणा मजेशीर असतात. काही रेघा वर जातात, म्हणजे तिथे ऊर्जा गिळली जात आहे. काही खाली जातात, म्हणजे तिथून ऊर्जा बाहेर पडत आहे. कुठल्या खाली आणि कुठल्या वर यावरून इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने ट्रिपलेटमध्ये शिरला हे कळते, आणि रेघांमधल्या अंतरावरून कड्याचा आकार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समरेश मित्र यांनी धातू बसवलेल्या पॉर्फिरिन आणि थॅलोसायनिन कड्यांच्या चुंबकत्वावर अनेक वर्षे काम केले. प्रकाशाने चेतवलेल्या रेणूंचे ईएसआर मोजण्याचे कामही तिथे झाले. आयआयटी मुंबईतल्या यंत्रसुविधा केंद्रात बाहेरच्या संशोधकांनाही नमुने पाठवून ईएसआर करून घेता येते. महाराष्ट्रात ही विद्या परकी नाही.

१९७५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ब्रायन हॉफमन यांनी हिमोग्लोबिनमधले लोहाचे कडे काढून तिथे जस्ताचे कडे बसवले, वर प्रकाश टाकला आणि त्याच्या ट्रिपलेटचे ईएसआर घेतले. लोह असताना जिथे प्रकाशाने काहीच दिसत नव्हते तिथे जस्त बसताच ट्रिपलेट बोलू लागली. म्हणजे जस्ताचे कडे हिमोग्लोबिनच्या खोबणीत नीट बसते, आणि बसल्यावरही प्रकाशाने चेतते.

रक्तातल्या जस्ताच्या कड्याची ओळख एक वर्ष आधीच पटली होती, आणि तीही दवाखान्यात नव्हे. टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत अँजेलो लामोला आणि तेत्सुओ यामाने प्रकाशावर काम करत होते. शिशाची बाधा झालेल्या आणि लोह कमी असलेल्या रुग्णांच्या रक्तात प्रोटोपॉर्फिरिन वाढते हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण ते धातूविना मोकळे असते असा समज होता. चूक तपासण्याच्या रीतीत होती. रक्तातून ते वेगळे काढायला आम्ल वापरत, आणि आम्ल त्यातले जस्त उपटून काढी. लामोला आणि यामाने यांनी आम्ल न घालता रक्ताचा उजेड तसाच पाहिला, तर तो जस्ताच्या कड्याचा निघाला. तपासणीच वस्तूला बदलत होती आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते. वैद्यकात असे अनेकदा झालेले आहे.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचे बालरक्तविकारतज्ज्ञ सर्जिओ पियोमेली आणि लामोला यांनी सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर दिले. प्रोटोपॉर्फिरिया नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तांबड्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन साठते आणि ही मुले उन्हात पाच मिनिटे गेली तरी हातातोंडाची आग होऊन रडतात. शिशाच्या बाधेत आणि लोहाच्या कमतरतेतही पेशींत प्रोटोपॉर्फिरिन बरेच असते, पण उन्हाने काही होत नाही. फरक खुंट्यात आहे. प्रोटोपॉर्फिरियात कडे धातूविना मोकळे असते. ते पेशीतून सहज निसटून रक्तद्रवात आणि तिथून कातडीत जाते, मग ऊन, ट्रिपलेट, पिसाळलेला प्राणवायू आणि आग असा क्रम लागतो. जस्त बसलेले कडे हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून पेशीतच राहते. कातडीपर्यंत ते पोचतच नाही. म्हणून पथारीवरची बाई उन्हात बसून मिरची निवडू शकते.

कातडीपर्यंत पोचणाऱ्या धातूच्या कड्याचे काय होते, याचा अनुभव नवजात बाळांच्या विभागातही आला. जन्मल्यावर बाळाचे हीम तुटून त्यातून पिवळा बिलिरुबिन बनतो. तो फार वाढला तर निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, हे आता बाळंतपण झालेल्या बहुतेक घरांना माहीत असते. हीम तोडणारे विकरच अडवावे म्हणून कथील बसवलेल्या पॉर्फिरिनचे इंजेक्शन काही देशांत बाळांना देऊन पाहण्यात आले. कावीळ कमी झाली, पण कथीलही जस्तासारखेच, पायऱ्या नसलेले. काही बाळांच्या कातडीवर प्रकाशाखाली लाली आली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्येही या औषधाला मंजुरी दिली नाही. निळ्या दिव्याला आजतागायत तोड निघालेली नाही.

सिकल सेलच्या घरात

ईएसआरने सिकल सेलच्या रुग्णांच्या रक्तातही एक गोष्ट दाखवली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत ते सिद्ध झाले. हेच औषध घेणाऱ्या रुग्णांच्या शिरेतल्या रक्तात ईएसआरला नायट्रिक ऑक्साइड चिकटलेल्या हीमची खास रेघ दिसली, तो निबंध १९९९ चा. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो. सिकल सेलमध्ये फुटलेल्या पेशींतले मोकळे हिमोग्लोबिन तो गिळून टाकते आणि वाहिन्या आवळतात. म्हणजे औषधाचा थोडाफार उपयोग या वाटेनेही होत असावा. मुख्य काम मात्र गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवण्याचेच. सातपुड्यातला एखादा तरुण ‘गोळीने अंग दुखायचे कमी झाले’ म्हणत ती अर्ध्यावर सोडतो. तेव्हा त्याला सांगायला हवे की दुखणे थांबले ते गोळी चालू आहे म्हणून. रक्ताची तपासणी करत ती चालूच ठेवायची असते, आणि मूल हवे असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचे.

जस्ताच्या कड्याच्या तपासणीचे या घरांत काय? ती फार सोपी आहे. रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन एका सुटसुटीत यंत्राखाली धरायचा, यंत्र जस्त आणि लोह यांचे गुणोत्तर दाखवते. फेरिटिनसारखी प्रयोगशाळा लागत नाही. पण सिकल सेलचा रुग्ण असेल तर तिचा अर्थ काढताना सावध राहावे लागते. त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. रक्तात कायम नव्या, घाईत बनलेल्या पेशींची गर्दी असते, आणि अशा पेशींत लोह पुरेसे असूनही जस्ताचे कडे जास्त सापडते. दीर्घ जंतुसंसर्गातही ते वाढते. कावीळ असेल तर बिलिरुबिनही उजळतो आणि पेशी न धुता मोजले तर आकडा फुगतो. म्हणून क्रम उलटा नको. आधी सिकल सेलची तपासणी, मग लोहाची. सिकल सेल नाही किंवा नुसता वाहक आहे असे ठरले, की जस्ताचा आकडा भरवशाचा. रुग्ण असेल, तर फेरिटिन आणि रक्त किती वेळा चढवले याचा इतिहास पाहूनच लोहाचा निर्णय.

पहिल्या पायरीचे काम देशभर सुरू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. नंदुरबार त्यात आहेच. या तपासणीचा कागद घरी पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवला आणि बाळंतपणाला येताना बरोबर आणला, तर उपकेंद्रातल्या नर्सताईचे निम्मे काम होते. बरेचदा तो कागद पेटीतच राहतो आणि आठ हिमोग्लोबिनच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळे विचारावे लागते.

दुसऱ्या पायरीसाठी सुईसुद्धा लागणार नाही असेही एक काम झाले आहे. २०१६ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक बारीक प्रकाशतंतू टेकवला, निळा प्रकाश सोडला आणि परत येणारा उजेड मोजला. ओठाच्या आतल्या त्वचेत रक्त अगदी वरवर असते आणि तिथे कातडीचा रंग आड येत नाही. त्वचेचाही स्वतःचा उजेड असतो, तो वजा करण्यासाठी त्यांनी दोन वेगवेगळ्या लहरींचा प्रकाश वापरला. लोह कमी असलेल्या स्त्रिया यातून बऱ्यापैकी अचूक ओळखता आल्या. अशा यंत्राला नंदुरबारमध्ये आणायचे तर आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, तो म्युनिकमध्ये फारसा आला नसेल. ओठाच्या आतला उजेड वाढलेला दिसला, पण ती बाई सिकल सेलची रुग्ण असेल तर काय? तिथेही पेटीतला तो कागद लागेलच.

तोवर हातात आहे ते साधे आहे. गरोदरपणात लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह अंगात नीट शिरत नाही. लिंबाच्या किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घेतली तर जास्त शिरते. शौच काळे झाले तर घाबरायचे नाही, ते गोळीतल्या लोहाचे. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, ती दप्तरात न ठेवता शाळेतच जेवणानंतर गिळायची. गोळी सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिनाभरात वाढू लागते, पण जस्त भरलेल्या जुन्या पेशी संपून नव्या, लोहाच्या पेशी रक्तात भरायला तीन-चार महिने जातात. हिमोग्लोबिन वर आले म्हणून महिन्यातच गोळी सोडली, तर पथारीवरच्या बाईच्या रक्तातले काजवे तसेच उरतात.